बेटावर जायला आम्हाला कोणाची परवानगी हवी?

एटापल्लीत कोणी अंदमानला जायचं म्हटलं की 'कधी जाता?' असं कोणी विचारत नाही. 'कशाला जाता?' असं विचारतात. चेन्नईपर्यंत रेल्वे, तिथून जहाज, पुढे एखाद्या बेटावर रिसॉर्टमध्ये दोन रात्री, एवढं नुसतं बोलून दाखवलं तरी ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते. तिरुपती म्हटलं असतं तर कौतुक झालं असतं. गोवा म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण समुद्रातलं बेट, आणि तेही नुसतं आराम करायला? मग उपदेश सुरू होतो.

हिवाळ्यात हेमलकशाला आलेला पुण्या-नागपूरचा पाहुणा म्हणतो, तुम्ही तर स्वर्गातच राहता, तुम्हाला आणखी कुठे जायची काय गरज? गावातला जाणता म्हणतो, "कायले उडवता येवढा पैसा? पोरीच्या लग्नाले ठेवा." आदिवासींच्या प्रश्नांवर तळमळीने बोलणारा सुशिक्षित मित्र म्हणतो, ही चंगळ इथे रुजली की इथलं साधं जगणं संपलं म्हणून समजा. आणि चंद्रपूरला स्थायिक झालेला नातेवाईक काळजीने सांगतो की तुम्हाला ते झेपणार नाही, आधी जवळपास फिरून सवय करा.

चौघांची भाषा वेगळी, मत एकच. समुद्रकिनारी काही न करता पडून राहणं हा ठरावीक लोकांचा अधिकार आहे, आणि एटापल्लीचा माणूस त्या लोकांत मोडत नाही. मला हे मत मान्य नाही. त्यातला कुठलाच भाग मान्य नाही.

स्वर्गाचं आधी बघू. हा पाहुणा डिसेंबर-जानेवारीत येतो. 'ग्लोरी ऑफ आलापल्ली'तले उंच साग बघतो, लोकबिरादरी प्रकल्प बघतो, भामरागडला नद्यांच्या संगमावर फोटो काढतो आणि दोन-तीन दिवसांत परततो. जुलैमध्ये तो इथे नसतो. पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटतो तेव्हा तो नसतो. मे महिन्याच्या उन्हात पहाटे निघून, अस्वलाची धास्ती मनात ठेवून तेंदूची पानं तोडणारी आणि दुपारभर त्यांची पुडकी बांधून संध्याकाळी फळीवर नेणारी बाई त्याला दिसलेली नसते. जंगल त्याच्यासाठी देखावा आहे. आमच्यासाठी ते कामाचं ठिकाण आहे. मार्चमध्ये मोह वेचायचा, मेमध्ये तेंदू, पावसाळ्यात गुडघाभर चिखलात वाकून रोवणी, दिवाळीनंतर धान कापणी. कामाची जागा सुंदर आहे म्हणून माणसाला सुट्टी नको, हा कुठला न्याय? पुण्याच्या माणसाला कोणी सांगतं का, की तुझ्या गावात शनिवारवाडा आहे, सिंहगड आहे, तू हेमलकशाला येऊ नकोस?

मला जास्त संताप येतो तो आणखी एका गोष्टीचा. या तालुक्यातून बाकी सगळं बाहेर जातं. सुरजागडच्या पहाडातलं लोहखनिज ट्रकांवर लादून एटापल्ली, आलापल्ली, आष्टीमार्गे दिवसरात्र जातं, आणि त्या ट्रकांची धूळ खात आमची मुलं शाळेत जातात. आमच्या भागातला साग २०२३ मध्ये वाजतगाजत अयोध्येच्या राममंदिरासाठी गेला. तेंदूपत्ता दूरदूरच्या बिडी कारखान्यांत जातो, बांबू जातो, मोह जातो. यातल्या कशालाही कोणी 'कशाला जातोस?' विचारलं नाही. आमचं लोखंड, आमचं लाकूड, आमचं पान देशभर फिरलेलं चालतं. त्या जंगलात राबणारा माणूस वर्षातून आठ दिवस बाहेर पडला तर मात्र संस्कृती धोक्यात येते आणि पैसा वाया जातो?

आता पैशाचं. हा मुद्दा मांडणारे बहुतेक आपलेच लोक असतात, म्हणून त्यांना सविस्तर उत्तर देणं भाग आहे. लग्नात गावजेवण घातलं, मांडवात डीजे आणला, तेरवीला शेकडो पानं उठली, तर त्याला कोणी उधळपट्टी म्हणत नाही. कर्ज काढून मोटरसायकल घेतली तर पेढे वाटले जातात. हा सगळा खर्च चार लोकांसाठी, चार लोकांच्या देखत केलेला असतो, म्हणून तो शहाणपणाचा ठरतो. नवरा-बायकोने दोन लेकरांना घेऊन स्वतःसाठी म्हणून काही केलं की तेवढंच पाप. आजारपणावर, लग्नावर आणि मरणावर खर्च करायचा, सुखावर करायचा नाही, हा नियम गरिबांसाठी कोणी केला? इथली अंगणवाडी सेविका, एएनएम, वनरक्षक, एसटीचा वाहक, खाणीत पाळीवर जाणारा पोरगा, ग्रामसभेच्या तेंदू लिलावातून हिस्सा मिळालेलं कुटुंब, हे सगळे घामाचा पैसा कमावतात. तो कसा खर्चावा हे ठरवण्याची अक्कलही त्यांना आहे.

यावर ठरलेला युक्तिवाद येतो. तालुक्यात धड उपचार मिळत नाहीत, गंभीर रुग्णाला गडचिरोली-नागपूरची वाट धरावी लागते, कितीतरी टोल्यांना रस्ता नाही, आणि तुम्ही बेटावर निघालात? मी विचारतो, माझ्या कुटुंबाने अंदमानचं तिकीट रद्द केलं तर जारावंडीत शस्त्रक्रिया सुरू होणार आहे का? कसनसूरच्या दवाखान्यात तज्ज्ञ डॉक्टर येणार आहे का? दवाखाना आणि रस्ता ही सरकारची जबाबदारी आहे. त्यासाठी कर आहे, आदिवासी उपयोजनेचा निधी आहे, खनिजावर वसूल होणारा जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसा आहे. तो कुठे जातो हे ग्रामसभेत विचारा, जिल्हा परिषदेत विचारा. मी तुमच्यासोबत उभा राहीन. पण सरकारच्या अपुऱ्या कामाची भरपाई लोकांनी आपलं सुख गुंडाळून ठेवून करायची, हे मी ऐकून घेणार नाही. अहेरीहून गर्देवाड्याला एसटी सुरू व्हायला २०२५ सालचा पहिला दिवस उजाडावा लागला. ज्यांच्या दाराशी बस यायला स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षं लागली, त्यांना प्रवासात संयम पाळायला कोण सांगतंय?

राज्यघटनेचा ४३वा अनुच्छेद उघडून बघा. शेतीतल्या, कारखान्यातल्या आणि इतर सगळ्या कामगारांना निर्वाहापुरतं वेतन मिळावं, एवढ्यावर तो थांबत नाही. त्यांना फुरसतीचा आणि सामाजिक-सांस्कृतिक संधींचा पुरेपूर लाभ घेता यावा, यासाठी राज्याने प्रयत्न करावा असं त्यात लिहिलं आहे. फुरसत. घटना लिहिणाऱ्यांना ही गोष्ट पोटाच्या बरोबरीने लिहावीशी वाटली. केंद्र सरकार आपल्या कर्मचाऱ्यांना प्रवास सवलतीत अंदमानला विमानाने जाण्याची खास मुभा देतं. दिल्लीच्या मंत्रालयातल्या बाबूला जी विश्रांती सरकारी खर्चाने मिळते, ती तेंदूच्या फळीवर काम करणाऱ्याने स्वतःच्या पैशाने घेतली तर ती चंगळ कशी होते?

मराठी मध्यमवर्गाचाही यात हात आहे. अंदमान म्हटलं की त्याला सेल्युलर जेल आठवतो, १९११ साली तिथे आणलेले सावरकर आठवतात, आणि मग ती सहल पवित्र होते. जेल जरूर बघावा. १९०६ मध्ये बांधून पूर्ण झालेल्या त्या कोठड्या बघितल्याशिवाय कोणी श्री विजयपुरम, म्हणजे कालपर्यंतचं पोर्ट ब्लेअर, सोडू नये. पण निव्वळ समुद्रासाठी जाणाऱ्याने देशभक्तीचं कारण पुढे करायची गरज नाही. निळं पाणी बघायचंय, हे कारण पुरेसं आहे.

'तुम्हाला झेपणार नाही' हा आक्षेप सगळ्यात अपमानकारक, आणि सगळ्यात चुकीचाही. इंग्रजी येत नाही म्हणे. अंदमानात बाजारात, जहाजावर, घाटावर हिंदी चालते. त्याखालोखाल बंगाली, तमीळ आणि तेलुगू. आमच्या अहेरी-सिरोंचा पट्ट्यात तेलुगू किती घरांत बोलतात? आणि बंगाली? पूर्व पाकिस्तानातून आलेली कुटुंबं साठच्या दशकात आजच्या मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत वसवली गेली. तशीच निर्वासित कुटुंबं सरकारने १९४९पासून अंदमानात नेली. हॅवलॉक, ज्याला २०१८पासून स्वराज द्वीप म्हणतात, तिथली जुनी वस्ती याच लोकांची. तिथल्या गावांची नावं गोविंदनगर, विजयनगर, राधानगर. आमच्याकडे मुलचेऱ्यात सुंदरनगर, विवेकानंदपूर. सुंदरनगरच्या बाजारात मासळीचा भाव करणाऱ्या एटापल्लीच्या बाईला स्वराज द्वीपच्या बाजारात परकं वाटायचं कारण काय? पुण्याच्या पर्यटकापेक्षा तिला तिथे बोलायला जास्त माणसं भेटतील.

बेटावर अडकून पडलात तर, असाही धाक घालतात. वादळ आलं, बोट रद्द झाली, रेंज गेली तर? ज्यांच्या गावाला नाल्याच्या पाण्याने पावसाळ्यात वेढा पडतो, ज्यांनी जूनच्या आधीच चार महिन्यांचं धान्य, मीठ, तेल भरून ठेवलंय, बाळंतीण बाईला खाटेवर घालून नाला पार केलाय, त्यांना हे विचारायचं? रस्ता बंद म्हणजे काय, निरोप पोचत नाही म्हणजे काय, हे आम्हाला शिकवावं लागत नाही. साप, वाघ आणि आता छत्तीसगडमधून आलेले रानटी हत्ती यांच्या शेजारी आम्ही राहतो. समुद्रात मगर आहे अशी पाटी लावली असेल तर तिथे पाण्यात उतरायचं नाही, हे आम्हाला इतर कोणाहीपेक्षा लवकर कळतं.

राहिला प्रवास. बल्लारशाह दिल्ली-चेन्नई मुख्य मार्गावर आहे. तिथून चेन्नई एका रात्रीचा रस्ता. चेन्नईहून सरकारी जहाज अडीच-तीन दिवसांत बेटावर नेतं, आणि त्यात केबिनशिवाय स्वस्तातला बंक क्लासही असतो. वेळ नसेल त्याने विमान धरावं, ते दोन-अडीच तासांत पोचतं. लक्षद्वीपला भारतीयालाही प्रवेशपरवाना काढावा लागतो. श्री विजयपुरम, स्वराज द्वीप, शहीद द्वीप इथे भारतीय नागरिकाला तसा परवाना लागत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याने अंदमान निवडावं ते यासाठीच. ज्यांना दारूच्या बाजारापासून लांब राहायचं आहे त्यांनी पुढच्या वेळी लक्षद्वीपचाही विचार करावा. तिथे एखादं पर्यटन बेट वगळता दारूबंदी आहे, आणि १९९३पासून दारूबंदी असलेल्या आमच्या जिल्ह्यातल्या बायांना ते ऐकून बरं वाटेल.

जमत नाही म्हणणाऱ्यांनी आमचं पंचांग नीट पाहिलेलं नाही. बेटावर पावसाळा टाळायचा, समुद्र शांत असतो तेव्हा जायचं, म्हणजे साधारण जानेवारी ते एप्रिल. आमच्याकडे धान विकून चुकारे हाती येतात ते याच सुमारास, आणि मोह पडायला मार्च उजाडतो. सुरजागडला ठाकूरदेवाची यात्रा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आटोपते. यात्रेनंतर आणि मोहाआधी, असा हा मोकळा काळ आयताच समोर आहे. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे ते धान कापणीच्या दिवसांतच काढायचं. एक काळजी मात्र खरंच घ्यावी. आपल्या भागात सिकलसेल आहे. ज्याला हा आजार आहे त्याने निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं, उन्हात पाणी पीत राहावं, आणि हवेची नळी लावून खोल समुद्रात डुबकी मारायच्या फंदात पडू नये. पोवळी बघायला काचेच्या तळाची बोट आहे. वंडूरच्या सागरी राष्ट्रीय उद्यानात जॉली बॉय बेटावर प्लास्टिकला मज्जाव आहे. त्या नियमाचा त्रास शहरातून येणाऱ्याला होईल, आम्हाला होणार नाही.

उरला तो सुशिक्षित मित्र. त्याच्याशी मला सगळ्यात जास्त भांडायचं आहे, कारण त्याचा हेतू चांगला आहे आणि म्हणूनच त्याचं मत जास्त नुकसान करतं. आदिवासी माणूस निसर्गाशी एकरूप असतो, त्याला उपभोगाचं वेड लावू नका, असं तो म्हणतो. म्हणजे माडिया माणसाने कायम तुझ्या भाषणातल्या उदाहरणासारखं जगायचं? तू वर्षातून एकदा केरळला जाणार, हाऊसबोटीत राहणार, आणि त्याने मात्र तुझ्या समाधानासाठी जागेवरून हलायचं नाही?

या मित्राला मी अंदमानचा इतिहास ऐकवीन. मध्य भारतातला आदिवासी अंदमानला आधीच गेलेला आहे. १९१८च्या सुमारास इंग्रजांनी छोटा नागपूरमधून उरांव, मुंडा, खडिया लोकांना जंगल तोडायला तिथे नेलं. आजही तिथे त्यांच्या वंशजांना 'रांची' म्हणून ओळखतात. बेटांवरचे रस्ते, बंदरं, वस्त्या उभ्या राहिल्या त्यात त्यांचे हात होते. तेव्हा कोणी म्हटलं नाही की आदिवासीने समुद्र ओलांडू नये. कुऱ्हाड घेऊन गेलेला चालतो. तिकीट काढून गेलेला का खुपतो? आलापल्लीच्या डेपोत सागाच्या थप्प्या बघत वाढलेला माणूस चाथमच्या १८८३ सालच्या लाकूड गिरणीत उभा राहील, पडौकच्या लाल फळ्यांवरून हात फिरवील, तेव्हा त्याला जे कळेल ते कुठल्याही परिसंवादात कळणार नाही.

आणि जारवांचं काय, हा प्रश्न तो विचारणारच. विचारायलाच हवा. अंदमानचा महामार्ग जारवांच्या राखीव जंगलातून जातो. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये तिथला भाग बंद करायला सांगितलं, तरी वाहनांचे ताफे जातच राहिले. २०१२ मध्ये जारवा बायकांना पर्यटकांसमोर नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर पोचली. १९५६चा आदिम जमाती संरक्षण विनियम आहे, तिथे थांबायला, फोटो काढायला, खाऊ फेकायला बंदी आहे, तरी हे घडलं. हे कोणी केलं? एटापल्लीच्या माणसाने नाही केलं. माडिया गोंड ही महाराष्ट्रातली एक आदिम जमात आहे, कागदोपत्री जारवांच्याच रांगेतली. आमच्या गोटुलाजवळ गाडी थांबवून, न विचारता आमच्या आयाबहिणींचे फोटो काढणारे लोक आम्ही पाहिले आहेत. त्या कॅमेऱ्याच्या दुसऱ्या बाजूला उभं राहून काय वाटतं हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून माझं ठाम सांगणं आहे, की बेत आखताना जारवांच्या जंगलातून जाणारी बाराटांगची रस्त्याची सहल यादीतून काढून टाका. चुनखडीच्या गुहा नाही पाहिल्या तर काही बिघडत नाही. पण बेटावर जायचंच नाही, हा त्यावरचा उपाय नव्हे. जारवांकडे कसं बघू नये हे ज्यांना अंगावरच्या अनुभवातून कळलंय, ते पर्यटक तिथे वाढायला हवेत.

'आधी जवळपास फिरा' या सल्ल्याला फार वेळ द्यावा असं मला वाटत नाही. मार्कंडा झालं, काळेश्वर झालं, ताडोब्याच्या गेटपर्यंत जाऊन झालं. आमची लायकी पायरीपायरीने सिद्ध करायला आम्ही कोणाच्या परीक्षेला बसलेलो नाही.

रिसॉर्टवरून जे नाकं मुरडतात त्यांनी एकदा घरातल्या बाईला विचारावं. पहाटे चारला उठून चूल पेटवणारी, पाणी भरणारी, रोवणीत कंबर मोडेपर्यंत वाकणारी आणि रात्री सगळे निजल्यावर भांडी घासणारी. आयुष्यात एकदाही तिच्यापुढे दुसऱ्याने रांधलेलं ताट आलं नसेल, माहेरपणाचे आणि बाळंतपणाचे दिवस सोडले तर. दोन दिवस तिचं अंथरूण दुसऱ्या कोणी घातलं, सकाळचा चहा आयता हातात आला, आणि तिने राधानगरच्या वाळूत बसून काहीही केलं नाही, तर ती चैन झाली? असू दे चैन. तिची बाकी सगळी देणी फिटलेली आहेत. पुरुषाने क्रिकेट सामन्यासाठी नागपूर गाठलं की घरचे डबा बांधून देतात. बाईने समुद्राचं नाव काढलं की मुलांची शाळा, सासूचं दुखणं आणि गाईची धार अचानक सगळ्यांना आठवते. म्हणून पहिलं तिकीट तिच्या नावाचं काढा. बचत गटातल्या चार-पाच जणींनी मिळून जायचं ठरवलं तर त्याहून उत्तम, मग नवऱ्याची रजा मंजूर होण्याचीही वाट बघायला नको.

आम्हाला समुद्र बघायचा आहे. शिकण्यासाठी नाही, देशभक्तीसाठी नाही, पुण्य मिळवण्यासाठी नाही, परत येऊन शाळेत भाषण देण्यासाठीही नाही. बघायचा आहे, म्हणून बघायचा आहे. यापलीकडचं कारण पुण्याच्या माणसाला कोणी विचारत नाही, मुंबईच्या माणसाला विचारत नाही. आम्हालाही विचारायचं नाही. धान कापायला आलं आहे, आणि जानेवारीचं आरक्षण याच पंधरवड्यात उघडतं. ज्यांना अजून 'कशाला?' विचारायचं आहे त्यांनी खुशाल विचारावं. आम्ही बल्लारशाहला गाडीत बसलेले असू.